कॅम्पसचा साधा मंगळवार: दोन विद्यापीठांतून एक निवडताना वातावरण कसं तोलायचं

दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय. विषय साधारण सारखेच, फीमध्येही फार फरक नाही. मग घरातली चर्चा एका वाक्यावर येऊन अडते: "तिथलं वातावरण भारी आहे म्हणे." भारी म्हणजे नेमकं काय, हे सांगणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. कुणाच्या डोळ्यांसमोर गॅदरिंग असतं, कुणाच्या हिरवळ, तर कुणाच्या आपला चार जणांचा ग्रुप. मी स्वतः या गोंधळातून गेले, आणि पुढे सीनियर झाल्यावर प्रवेशाच्या दिवसांत नव्या मुलांना कॅम्पस दाखवत फिरले. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं: वातावरण तोलायचं तर तिथला एक साधा मंगळवार तोला. गॅदरिंग वर्षातून एकदा येतं, मंगळवार दर आठवड्याला.

रँकिंगकडे यासाठी पाहू नका. जगभरच्या विद्यापीठांची शांघायची यादी २००३ पासून निघते आणि त्यातलं ३० टक्के वजन माजी विद्यार्थी व प्राध्यापकांना मिळालेल्या नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पदकांना आहे. उरलेलं बहुतेक सगळं संशोधनाला. क्यूएस या दुसऱ्या जागतिक यादीच्या सध्याच्या पद्धतीत ३० टक्के वजन जगभरच्या अध्यापकांच्या मताला. भारत सरकारच्या एनआयआरएफ या क्रमवारीतही शिक्षण, संशोधन, निकाल, समावेशकता आणि प्रतिमा असे मुद्दे आहेत. यातली कुठलीच यादी रात्री नऊ वाजता तुमच्यासोबत जेवायला कुणी असेल का, हे सांगत नाही. ते तिचं कामही नाही.

सुरुवातीला हे हाताशी घ्या

- दोन्ही विद्यापीठांचं शैक्षणिक कॅलेंडर: सत्र कधी सुरू, परीक्षा कधी, सुट्ट्या कधी
- तुमच्याच शाखेच्या पहिल्या वर्षाचं चालू टाइमटेबल
- हॉस्टेलची नियमावली आणि हॉस्टेल वाटपाचं परिपत्रक
- उपस्थिती आणि गुणदानाचे नियम
- फीचं संपूर्ण पत्रक, म्हणजे शिकवणी फीच्या खाली बारीक अक्षरांत असतं तेही
- विद्यार्थ्यांचं वार्तापत्र किंवा अंक निघत असेल तर मागच्या वर्षा-दोन वर्षांचे अंक
- चालत किती वेळ लागतो ते दाखवणारा नकाशा, मोबाइलवर असतो तोच
- एक वही. दोन्ही विद्यापीठांची पानं समोरासमोर ठेवा, म्हणजे एकीकडे विचारलेला प्रश्न दुसरीकडे विचारायचा राहत नाही

टाइमटेबल आणि हॉस्टेलचे नियम संकेतस्थळावर सहज सापडतात असं नाही. विभागाच्या कार्यालयाला ईमेल करा. उत्तर किती दिवसांत आणि कोणत्या सुरात येतं, तेही वहीत लिहा.

१. आधी स्वतःचा दिवस लिहून काढा

कॅम्पस पाहायच्या आधी अर्धा तास स्वतःसाठी काढा. तुम्हाला अभ्यासाला शांतता लागते की आजूबाजूला माणसं? खोलीत दुसरं कुणी असलेलं चालतं का? रोज व्यायाम, खेळ, रियाज असं काही आहे का, जे सुटलं की चिडचिड होते? शनिवार-रविवार घरी जायचंच आहे का?

यातून तडजोड न करण्याच्या तीन गोष्टी निवडा. दहा निवडल्या तर कुठलंच कॅम्पस बसणार नाही आणि एकही निवडली नाही तर दिसेल ते सगळंच आवडेल. घरच्यांची यादी वेगळी असू शकते. ती वेगळ्या पानावर लिहा, नाहीतर आईबाबांची काळजी आणि तुमची आवड यांची सरमिसळ होते आणि पुढे कोणता मुद्दा कुणाचा होता तेच कळेनासं होतं.

२. विद्यापीठाचा सांगाडा समजून घ्या

वातावरणाचा मोठा भाग इमारती कुठे आहेत आणि विद्यार्थी रात्री कुठे झोपतात यावरच ठरतो.

काही विद्यापीठं स्वतःतच एक गाव असतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डची जमीन ८,१८० एकर आहे; तिथे सायकल ही गरज आहे. उलट लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स शहराच्या ऐन मध्यात, दाटीवाटीच्या गल्ल्यांमध्ये आहे. दारातून बाहेर पडलं की लंडनच. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाला तर एकसंध कॅम्पसच नाही; इमारती लायडन आणि हेग अशा दोन शहरांत विखुरल्यात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये तिसराच प्रकार: व्याख्यानं आणि परीक्षा विद्यापीठाच्या, पण राहणं, जेवणं आणि छोट्या गटातली शिकवणी बरीचशी आपल्या कॉलेजभोवती. विद्यापीठ हजारोंचं असलं तरी रोजचं जग काही शे लोकांचं होतं.

यातलं कुठलंच जात्या चांगलं-वाईट नाही. आतल्या आत सगळं असलेल्या कॅम्पसवर ओळखी लवकर होतात, पण भांडण झालं तर तोंड चुकवायला जागा नसते. शहरात मिसळलेल्या विद्यापीठात मोकळेपणा असतो, पण तास संपला की सगळे पांगतात आणि मैत्री मुद्दाम करावी लागते. लाजाळू माणसाला हे दुसरं जड जातं. खूप बोलक्या माणसाला पहिलं काही महिन्यांनी कोंडल्यासारखं वाटू शकतं.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे एकूण विद्यार्थीसंख्या. चाळीस हजारांच्या विद्यापीठात तुमच्या शाखेचा वर्ग तीस जणांचा असू शकतो, आणि पाच हजारांच्या संस्थेत पहिल्या वर्षाचं व्याख्यान तीनशे जणांच्या हॉलमध्ये. म्हणून विचारायचं ते असं: माझ्या वर्गात किती जण, प्रात्यक्षिकाच्या तुकडीत किती, आणि या तुकड्या वर्षभर त्याच राहतात की बदलतात? त्याच वीस जणांशी आठवड्यातून दोनदा गाठ पडली की आपोआप बोलणं सुरू होतं.

३. हॉस्टेल: खोलीपेक्षा मजला पाहा

बहुतेक जण खोलीचे फोटो पाहतात. पलंग, टेबल, कपाट सगळीकडे सारखंच. मी म्हणेन, नकाशा पाहा.

यामागे जुनं संशोधन आहे. फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक या तिघांनी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री होते हे तपासलं. ते १९५० मध्ये प्रसिद्ध झालं. लगतच्या दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्के जणांनी एकमेकांना जवळचं म्हटलं, तर एकाच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के. म्हणजे अंतर काही पावलांचंच. जिन्याजवळ आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही जास्त ओळखी झाल्या, कारण लोक तिथून जात-येत होते.

रूममेटचंही तसंच. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या खोल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटल्या जात. ब्रूस सेसरडोट या अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली दाखवलं की रूममेटचा परिणाम गुणांवर आणि विद्यार्थी संघटनांत सामील होण्यावर दिसतो, मुख्य विषय निवडण्यावर मात्र नाही. तुमचा रूममेट कोण असेल हे तुमच्या हातात नाही. पण पटलं नाही तर खोली बदलून मिळते का, आणि किती दिवसांत, हे आधी विचारता येतं.

मग विचारण्यासारखं बरंच आहे:

- हॉस्टेलची हमी पहिल्या वर्षापुरती आहे की शेवटपर्यंत? दुसऱ्या वर्षी बाहेर काढत असतील तर मुलं कुठे राहतात, आणि तिथून कॅम्पस किती लांब?
- पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एका इमारतीत असतात की सीनियरसोबत?
- मजल्यावर सगळ्यांनी बसायची जागा आहे का? आहे, तर ती उघडी असते का? (कुलूपबंद कॉमन रूम मी भरपूर पाहिल्यात. किल्ली कायम रजेवर गेलेल्या कुणाकडे तरी असते.)
- रात्री परत यायची वेळ काय? मुलांना आणि मुलींना एकच आहे का? लायब्ररी बारापर्यंत आणि हॉस्टेलचं फाटक दहाला बंद, असं असेल तर ती लायब्ररी तुमच्यासाठी दहापर्यंतच उघडी.
- शनिवार-रविवारी किती जण थांबतात? शुक्रवारी संध्याकाळी बॅगा उचलून सगळे घरी जाणारं कॅम्पस लांबून आलेल्या विद्यार्थ्याला फार एकटं पाडतं. घर जवळ असेल तर हाच मुद्दा तुमच्या पथ्यावर पडेल.

डे-स्कॉलर, म्हणजे रोज घरून ये-जा करणारे, असणार असाल तर प्रश्न वेगळे. दोन तासांच्या मधल्या वेळात बसायचं कुठे, सामान ठेवायला लॉकर आहे का, शेवटची बस किंवा गाडी किती वाजता, आणि क्लबच्या बैठका त्या गाडीच्या आधी संपतात का. या शेवटच्या प्रश्नावर कित्येकांचं विद्यार्थी जीवन ठरून जातं.

४. टाइमटेबल वाचायला शिका

माझ्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा कागद आहे आणि कॅम्पस पाहायला येणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी तो मागतं. क्लब पन्नास असू देत. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत तास आणि वर लॅबचे अहवाल असतील तर त्या पन्नासांतला एकही तुमच्या वाट्याला येत नाही.

दोन्ही टाइमटेबलं शेजारी ठेवून मोकळे तास रंगवा. रिकामे तास एकत्र आहेत की तुकड्या-तुकड्यांत? दुपारची एखादी वेळ सगळ्या विभागांना मोकळी ठेवली आहे का? अशी सामाईक वेळ असेल तर दुसऱ्या शाखांतली माणसं भेटतात, नसेल तर पूर्ण पदवी आपल्याच इमारतीत संपते.

त्यानंतर परीक्षेची पद्धत. चार महिन्यांचं सेमिस्टर आणि दहा आठवड्यांच्या शिकवणीचं क्वार्टर यांची लय निराळी. क्वार्टरमध्ये नवीन विषय सुरू होतो न होतो तोच मधली परीक्षा येते. वर्षाअखेर एकच मोठी परीक्षा असेल तर आधीचे महिने निवांत आणि शेवटचे दोन महिने कॅम्पस चिडीचूप.

गुणदानाचा नियमही वातावरण घडवतो. वर्गातल्या ठरावीक टक्के मुलांनाच वरची श्रेणी मिळत असेल तर शेजाऱ्याला नोट्स देताना हात आखडतो. ठरलेल्या गुणांवर श्रेणी असेल तर मिळून अभ्यास करण्यात कुणाचं नुकसान नसतं. सगळीकडे असंच होतं असं नाही, पण "इथली मुलं नोट्स देतात का?" हा प्रश्न नियम वाचून मग विचारला तर उत्तराचा अर्थ कळतो. उपस्थितीची सक्ती किती, आणि स्पर्धेसाठी बाहेर गेलं तर ती धरतात का, हेही याच पानावर लिहा.

५. क्लबची संख्या मोजू नका

माहितीपत्रकात "शंभराहून अधिक क्लब" असं छापलेलं असतं. त्यांतून तुमच्या आवडीचे दोन निवडा आणि तेवढेच खोलात जाऊन तपासा. शेवटचा कार्यक्रम कधी झाला? प्रवेश सगळ्यांना खुला आहे की निवड चाचणी? काही नामांकित विद्यापीठांत नाटकाच्या किंवा वादविवादाच्या गटात शिरण्यासाठी प्रवेशपरीक्षेइतकीच चुरस असते, आणि आधीच मुरलेल्यांनाच घेतात. तुम्हाला नव्याने शिकायचं असेल तर असा नावाजलेला गट तुमच्या कामाचा नाही. लहान, कमी प्रसिद्ध गट बरा.

पैसे कोण देतं आणि तारीख, हॉल, पाहुणे कोण ठरवतं, हेही विचारा. विद्यार्थी ठरवतात की प्रत्येक कागदावर चार सह्या लागतात, यावरून प्रशासन मुलांवर किती विश्वास टाकतं ते कळतं.

६. प्रत्यक्ष जा, पण ओपन डेच्या दिवशी नको

ओपन डे, म्हणजे विद्यापीठ स्वतःच सगळ्यांना कॅम्पस पाहायला बोलावतं तो दिवस, हे पाहुणे येणार म्हणून आवरलेलं घर. जायला हरकत नाही, माहिती मिळते. पण निर्णय त्यावर नको. सत्र चालू असताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी, परीक्षा नसताना जा. सुट्टीत गेलात तर फक्त झाडं आणि इमारती दिसतील.

हवामानाचंही भान ठेवा. उरी सिमॉनसन या संशोधकाने २०१० मध्ये एक मजेदार अभ्यास प्रसिद्ध केला होता. अभ्यासासाठी नावाजलेल्या, पण मौजमजेला फारसा वाव नसलेल्या एका विद्यापीठाला भेट देणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी, ज्यांच्या भेटीच्या दिवशी आभाळ जास्त भरलेलं होतं त्यांनी तिथे प्रवेश घेण्याची शक्यता जास्त निघाली. ढगाळ दिवशी अभ्यासाची बाजू माणसाला जास्त आकर्षक वाटते, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणून एक कॅम्पस स्वच्छ उन्हात आणि दुसरं पावसात पाहिलं असेल, तर पहिल्या नजरेच्या मतावर थोडं पाणी सोडा.

गेल्यावर गाइडसोबत फिरून झालं की त्याचे आभार माना आणि एकटे फिरा. शक्य असेल तर तीन वेळा पाहा: सकाळी तास बदलताना, दुपारी चारच्या सुमारास, आणि रात्री आठ-नऊला.

काय पाहायचं? मेसमध्ये मुलं एकटी जेवतात की घोळक्याने, आणि एकट्याने जेवणारा आरामात दिसतो का. तास संपल्यावर प्राध्यापकाभोवती कुणी थांबतं का. नोटीस बोर्डवरचे कागद या महिन्यातले आहेत का. लायब्ररीत जागा मिळते का, की बॅगाच जागा अडवून बसल्यात. रात्री रस्त्यावर दिवे आहेत का. व्हीलचेअरचा उतार खरंच दारापर्यंत जातो की पायरीशी संपतो. आणि स्वच्छतागृहं. त्यावर वेगळं भाष्य नको, फक्त जाऊन या.

जाणं शक्य नसेल तर नकाशावर हॉस्टेल ते विभाग, विभाग ते मेस, मेस ते लायब्ररी ही चालायची अंतरं मोजा. प्रवेश विभागाने बनवलेले व्हिडिओ सोडा. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हौसेने काढलेले पाहा आणि मागे काय दिसतं तिकडे लक्ष ठेवा. विद्यार्थ्यांच्या अंकांत वर्षभर ज्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात, त्या तिथल्या रोजच्या जगण्यातल्या तक्रारी समजा.

७. कुणाला विचारायचं आणि काय

"कसं आहे कॉलेज?" याला उत्तर एकच: "मस्त आहे." त्याऐवजी असं विचारा:

- काल सहानंतर तू काय केलंस?
- मागच्या आठवड्यात वर्गाबाहेरच्या कुणाशी बोललास का? ओळख कुठे झाली?
- आजारी पडलास तर पहिला फोन कुणाला करशील?
- इथे कुणाला करमत नाही? कशा स्वभावाच्या मुलांना जड जातं?
- कोणता नियम कागदावर आहे पण पाळला जात नाही?

चौथ्या प्रश्नाला "सगळ्यांनाच आवडतं" असं उत्तर आलं तर समोरच्याने नीट पाहिलेलं नाही किंवा तो सांगत नाही. माणसंही वेगवेगळी हवीत. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आठवणी गोड वाटू लागलेल्या असतात, तर पहिल्या वर्षाच्याला घराची आठवण येत असते. दोघांना विचारा. तुमच्या शाखेतलं कुणीतरी हवंच; कलाशाखेचा दिवस आणि अभियांत्रिकीचा दिवस एकाच कॅम्पसवर दोन वेगळ्या गावांतले असतात. तुमची भाषा, तुमचा प्रांत, तुमची परिस्थिती यांपैकी एखादी बाब सारखी असलेला कुणी भेटला तर त्याचं ऐका. बहुसंख्यांना जे वातावरण मोकळं वाटतं ते सगळ्यांना तसं वाटतंच असं नाही.

काही देशांत तयार सर्वेक्षणं मिळतात. ब्रिटनमध्ये २००५ पासून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मतं विचारली जातात. अमेरिकेत २००० पासून चालणारं सर्वेक्षण पहिल्या आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं असतं. वाचताना विद्यापीठाचा नाही, आपल्या विषयाचा आकडा शोधा. विभाग छोटा असेल तर दोन-चार नाराज विद्यार्थ्यांनीही टक्केवारी खालीवर होते, म्हणून दोन-तीन वर्षांचे आकडे एकत्र पाहा.

८. वाईट दिवसाची चौकशी करून ठेवा

हे विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. समुपदेशक आहे का, आणि भेटीची वेळ किती दिवसांनी मिळते? रात्री कुणी आजारी पडलं तर काय करतात? तक्रार कुठे करायची, आणि ती विभागाबाहेरचं कुणी ऐकतं का?

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या नियमांनुसार रॅगिंगविरोधी समिती आणि पथक असणं बंधनकारक आहे, आणि विद्यार्थी व पालकांकडून प्रतिज्ञापत्रही घेतलं जातं. समितीची नावं आणि फोन नंबर हॉस्टेलच्या भिंतीवर लावलेत का, ते पाहून या. अमेरिकेत १९९० च्या क्लेरी कायद्यामुळे विद्यापीठांना दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचा अहवाल जाहीर करावा लागतो. तो वाचताना एक खबरदारी घ्या: आकडा शून्य म्हणजे जागा सुरक्षित, असं गणित नसतं. जिथे तक्रार ऐकली जाते तिथे ती नोंदवलीही जाते.

९. वातावरणाची किंमत

थोडक्यात. मुलं मोकळ्या वेळात जे करतात त्याला पैसे लागतात का? कॅम्पसवर फुकट बसायला, खेळायला, वाजवायला जागा असेल तर कमी पैशांतही माणूस गटात राहतो. मित्र भेटायचे म्हणजे दर वेळी बाहेर खर्च करायचा, अशी रीत असेल तर ती महिन्याच्या हिशेबात आजच धरा. क्लबची वर्गणी, सहली, व्यायामशाळा यांची सक्तीची फी पत्रकाच्या तळाशी असते.

१०. शेवटी बेरीज करू नका

दहापैकी गुण देऊन बेरीज करण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्यात लायब्ररीचे नऊ गुण एकटेपणाचे दोन गुण झाकून टाकतात. त्यापेक्षा वहीतल्या माहितीवरून दोन पानं लिहा: पहिल्या विद्यापीठातला तुमचा मंगळवार आणि दुसऱ्यातला, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. कुठे चालत जाल, कुणासोबत जेवाल, चार वाजता कुठे असाल, रात्री किती वाजता परताल. ज्या तासाला पेन अडेल त्या तासाची माहिती तुमच्याकडे नाही. तिथल्याच कुणालातरी फोन करा. पानं पुरी झाली की पहिल्या पायरीतल्या तीन गोष्टी त्यांत सापडतात का ते पाहा. एकात तिन्ही आणि दुसऱ्यात एकच असेल, तर विषय संपला. दोन्हींत सारख्याच असतील तर कमी खर्चाचं किंवा घराला सोयीचं घ्या, आणि पुढे त्यावर खल करू नका.

निर्णय झाला की त्याच दिवशी तारखा पाहा. प्रवेश निश्चित करण्याची तारीख आणि हॉस्टेलच्या अर्जाची तारीख बऱ्याचदा वेगळ्या असतात, आणि हॉस्टेलची आधी उलटते. सोडलेल्या जागेची अनामत कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते तेही त्याच पत्रकात सापडेल. दुसऱ्या विद्यापीठाला प्रवेश सोडत असल्याचं लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.